दहा वर्षांनंतरची उंची

एप्रिल संपत आला तरी आमच्या रोपवाटिकेत
कुंपणाच्या सावलीला मळकट बर्फ चिकटलेला.
तार्तूहून येणारी गिऱ्हाइकं बूट आपटत आत येतात.
चिठ्ठ्या लिहायचं काम माझं :
झाडाचं नाव, ऊन किती, पाणी किती,
आणि खाली बारीक अक्षरात
दहा वर्षांनंतरची उंची.

लैदाबाई दरसाल पॅन्सीची रोपं नेतात, नवऱ्याबरोबर.
यंदा एकट्याच आल्या.
म्हणाल्या, "झडणारं काही नको.
पानं उलो गोळा करायचा.
सदाहरित दाखव. बारा महिने हिरवं राहील असं."

आधी थुजाची रांग दाखवली.
पाचूचं नाव मिरवणारी, सरळसोट, खपाऊ झाडं.
"ही तर स्मशानात आहेत,
दर रविवारी भेटतात. घरी कशाला पुन्हा?
शिवाय बर्फानं फाकतात मेली,
नोव्हेंबर आला की सुतळीनं कंबर बांधत बसा."

निळ्या स्प्रूसपाशी थांबल्याच नाहीत.
"हा बँकेच्या दारात बरा."

बुटका स्प्रूस मात्र उकिडव्यानं बसून पाहिला.
रुसून बसलेल्या पोरासारखा गोल.
चिठ्ठी वाचली : दहा वर्षांत एक वीत.
आपली वीत त्याच्या शेजारी धरली त्यांनी,
करंगळी थोडी वाकडी,
आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

कोरियन फरवर जांभळे शंकू,
फांदीवर घुबडाची पिल्लं बसावीत तसे ताठ.
हातमोज्याला डिंक लागला. हुंगला.
"हे?"
"दहा वर्षांनी दीड मीटर."
"आणि मी एक्क्याऐंशीची.
उंची आतापेक्षा दोन बोटं कमीच.
तशी चिठ्ठी लिहितोस का रे?"
मी खिशातलं पेन चाचपत राहिलो.

कोपऱ्यात लार्चला नुकती कोवळी लव फुटली होती.
त्यांचा हात आपोआप तिकडे गेला.
"तो नको," मी म्हणालो, "तो फसवा आहे.
जातीनं सूचिपर्णी, पण ऑक्टोबरात
पिवळा पडतो आणि सगळं टाकून देतो."
"ऑक्टोबरात," त्या म्हणाल्या.
हात काढून घेतला.

मला गप्प बसता आलं असतं. मालक कारेल तेच सांगतो,
गिऱ्हाइकाला अर्धंच सांग.
पण मी मोठ्या स्प्रूसच्या फांद्या दोन्ही हातांनी फाकवल्या
आणि आतला अंधार दाखवला,
तपकिरी, कोरडा, खोडापर्यंत.
"झडतात हेही. चार-पाच वर्षांची सुई पिकते,
आतल्या आत गळते.
बाहेरून कळत नाही, एवढंच."
लैदाबाईंनी कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर सुया बाहेर काढल्या,
बघितल्या,
आणि टाकल्या नाहीत. कोटाच्या खिशात गेल्या.

मग परतीच्या वाटेवर जुनिपर दिसला. कुंडीतला.
"याचे पैसे घेता तुम्ही?"
अठ्ठावीस युरो.
त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या
की गल्ल्यावरच्या कारेलनं मान वर केली.
"अरे, सारेमावर आमच्या कुरणात रान माजायचं याचं!
मेंढ्यांना चरू देत नाही म्हणून
आई कुऱ्हाड घेऊन मागे लागायची.
लोण्याची सुरी याच्या लाकडाची,
अजून वास जात नाही तिचा.
अठ्ठावीस युरो! आई ऐकती तर
कुऱ्हाड घेऊन इथंच आली असती."

पैसे मोजून दिले. दोन युरो सुटे होते, तेही शोधून.

डिकीत नको म्हणाल्या. पुढच्या सीटवर ठेवला,
पट्टा लावला. माती सांडली सीटवर,
त्यांनी झटकली नाही.
शेंडा छताला टेकून थोडा वाकला होता,
जुन्या गाडीत उंच माणूस बसतो तसा.

काच खाली करून चिठ्ठी माझ्या हातात दिली.
"ही राहू दे तुझ्याकडे.
हा किती वाढतो ते मला माहीत आहे."