चारशे तेरावी ओळ

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या.
वेळेचं काही खरं नाही. रात्री दोन, पहाटे साडेचार,
एकदा तर भरदुपारी, सगळी गल्ली कामावर असताना.
म्हणून लावण्या गज्जम म्हणाली, प्रोजेक्ट हाच.
नळाच्या गळ्यात एक छोटा माइक बांधायचा,
पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो ना,
ते कोडला ऐकवायचं,
आणि विडी घरकुलातल्या आपल्या रांगेला मेसेज टाकायचा.

अडचण एवढीच, नुसती हवासुद्धा फुसफुसते.

फरक फक्त नरसव्वाला कळायचा.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
पंचवीसच्या कट्ट्याला दोरा गुंडाळता गुंडाळता
मान वर न करता सांगायची:
नीळ्ळु. म्हणजे पाणी.
नाहीतर, गाली.
तेलुगूत हवेला गाली म्हणतात.
जुनैद नदाफ पहिल्यांदा हसून हसून लोळला,
मग म्हणाला, बरोबरच आहे की,
नुसती हवा आली की गल्ली तेच देते.

दोन महिने. चारशे बारा तुकडे.
पहिल्या रकान्यात आवाज, दुसऱ्यात नरसव्वा.
लॅपटॉप इतका तापायचा
की खाली स्टीलचं ताट ठेवून आम्ही मॉडेल शिकवायचो,
आणि जेवायला ताट एक कमी पडायचं.

स्पर्धा होटगी रोडच्या कॉलेजात. गार हॉल.
शेजारच्या टेबलावर रस्ता ओलांडणारा रोबोट,
आमच्या टेबलावर जुनैदच्या मामाच्या दुकानातला नळ,
नवाकोरा, कशालाच न जोडलेला.
परीक्षक पुण्याचे.
सातव्या स्लाइडवर आमचे तिन्ही फोन एकदम थरथरले:
पाणी. शक्यता एक्याण्णव टक्के.

हॉलला वाटलं, डेमो आहे. टाळ्या पडल्या.
लावण्याने माझ्याकडे बघितलं.
आई गारमेंटला, बाबा मागावर,
पिंपाच्या तळाशी दोन बोटं पाणी.
ती निघाली. ओळखपत्र गळ्यात तसंच.

"तुमची सहकारी कुठे गेली?"
"पाणी भरायला, सर."
या वेळी हशा.
मग त्यांनी विचारलं, डेटाला लेबलं कुणी लावली?
म्हटलं, नरसव्वा चिलवेरी.
"त्या काय करतात?"
"विड्या."
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
उलटं वाचायचा मी बराच प्रयत्न केला.

रोबोट पहिला आला.
आम्हाला उत्तेजनार्थ,
प्रमाणपत्रावर लावण्याचं लावण्य झालेलं.
माझं हत्तुरे मात्र बरोबर होतं,
त्याचंच वाईट वाटलं.

तिचा फोन थेट रात्री आला.
रिक्षाला एकशे ऐंशी मोजून ती पोचली
तेव्हा बारा दारांत बारा जणी घागरी घेऊन बसलेल्या,
एक तर पाळी अर्धी टाकून आलेली,
आणि नळ फुसफुसत होता. नुसताच.
आमच्या यंत्राने बारा घरांना
गाली दिली होती.

ती मला रडल्यासारखी वाटली नाही.
म्हणाली, फाइल बघ.
चारशे तेरावी ओळ. दुसऱ्या रकान्यात शून्य.
सोबत आवाजाचा तुकडा, एक मिनिट चार सेकंद.

गच्चीवर फरशी अजून तापलेली होती,
मी चप्पल घालूनच बसलो आणि ऐकला.
फुसफुस.
घागरीला घागर लागते.
कुणीतरी आमचा उद्धार करतंय, शुद्ध सोलापुरीत.
आणि बावन्नाव्या सेकंदाला नरसव्वा,
दोऱ्याचं टोक दातात धरून बोलल्यासारखी:
आगु.

म्हणजे थांब.
बायकांना म्हणाली, नळाला, की लावण्याला,
ते लिहायला आम्ही रकाना ठेवला नव्हता.
उरलेले बारा सेकंद मी ऐकले.
मग मागे नेऊन
परत ऐकले.