पासंग

पानेवेझिसच्या बाहेर, रेल्वेरुळांपलीकडे
तराजू बनवणारा एक कारखाना आहे.
सोनारांचे, औषधवाल्यांचे, नाजूक काट्याचे तराजू.
तिथे मला पाठवलं होतं
त्यांची नवं काही करण्याची कुवत मोजायला.

माझ्याकडे बेचाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण.
संचालक केस्तुतिस यांनी सगळीकडे चार भरले.
पाच भरले असते तर खोटं वाटलं असतं,
एवढं तोलमाप त्यांना पक्कं ठाऊक.
झाकली मूठ, वर इस्त्रीची बाही.

प्रश्न सातवा : नव्या कल्पना कुठून येतात?
त्यांनी जिन्याखालची पेटी दाखवली.
हिरवी, पत्र्याची, कुलूप शाबूत.
किल्ली झिव्हिले नावाच्या बाईंकडे असायची,
आणि त्या लेकीकडे नॉर्वेला गेल्या
त्याला आता नऊ वर्षं.

स्टोअरमधल्या पोविलासनं छिन्नी आणली.
आत बसचं तिकीट, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
केस्तुतिसांचं एक चित्र, कान जरा मोठे,
आणि वहीतला चौघडी कागद :
“तिसऱ्या टेबलाला खिडकीतून वारा लागतो.
काटा थरथरतो. फळी लावा.”
तारीख बघून संचालक हसले.
मग चष्मा लावून पुन्हा वाचू लागले.

तिसऱ्या टेबलावर ब्रोनिस्लावा.
तिच्या तराजूभोवती केकच्या खोक्याचा पुठ्ठा,
कोपऱ्यांना जखमेवरची चिकटपट्टी.
“हे काय?”
“वारा.”
“कधीपासून?”
“हा सहावा. आधीचे मऊ पडले.”
तिच्या टेबलावरचा माल
सगळ्यात कमी परत येतो.
हे दर महिन्याच्या पत्रकात छापलेलं असायचं,
का, ते कुणी विचारलं नव्हतं.
आणि तपासणी असली की
ती पुठ्ठा काढून पायाखाली लपवायची.
आज विसरली, म्हणून मला दिसला.

रात्री हॉटेलात बेरीज केली. एक पूर्णांक नऊ.
संशोधनावरचा खर्च या रकान्यात
मी बराच वेळ पेन धरून बसले.
सहा केक, असं लिहायचं का?
बाहेर बर्फ पडत होता, न मोजता.

सकाळी ब्रोनिस्लावानं मला स्टूल दिलं.
“आधी रिकामी पारडी बघायची, स्काइस्ते.
कुठलं झुकतंय? तो पासंग काढ.
लोकांना वजन टाकायची घाई असते.”
मी वाकून बघितलं.
डावं पारडं केसभर खाली होतं.
आणि माझं?
काचेच्या खोल्या, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या,
तरुण मुलं, महागडी कॉफी :
हे दिसलं की माझा हात आपोआप
चारकडे सरकायचा. कितीतरी वर्षं.
मापात पाप असं मी कधी म्हटलं नसतं.
पण कितीतरी पुठ्ठे मी
टेबलाखाली राहू दिले असतील.

अहवालात प्रयोगशाळा मागितली नाही.
दाराजवळ एक रॅक मागितला,
फसलेल्या गोष्टी सगळ्यांना दिसतील असा,
गुरुवारी पाऊण तास, ज्याचा हिशेब द्यायचा नाही,
आणि विचारायला रोज एक माणूस, पाळीपाळीनं,
हातात कागद नसलेला.
रॅकवर पहिले पाच पुठ्ठे ठेवू म्हटलं,
तर ते तिनं कधीच शेगडीत घातले होते.

एप्रिलात परत गेले.
रॅक जवळजवळ रिकामा.
वरच्या फळीवर एक पितळी काटा,
कधीच स्थिर न राहिलेला,
खाली चिठ्ठी : केस्तुतिस, वय सव्वीस.
त्याच्या शेजारी कुणाचा तरी चहाचा कप.
खिडकीला फळीही लागली होती,
चौथ्या.
ब्रोनिस्लावा नवा पुठ्ठा कापत होती,
या वेळी भर टेबलावर,
आणि शेजारचा पोरगा तिला सांगत होता
की चिकटपट्टी आतून लावली तर टिकेल.
ती ऐकत होती. मान डोलावत नव्हती, पण ऐकत होती.

गुणांच्या रकान्यात मी आकडा लिहिलाय.
पेन्सिलीनं.