भिंतीला अस्तर

मिस्त्री म्हणाला, पश्चिमेकडून दोन भिंती घेऊ,
मधात चार बोटं सोडू.
त्या चार बोटांत काय भरायचं
ते तुमचं तुम्ही पाहा.

ब्रह्मपुरीच्या दुकानात मी तासभर उभी.
थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या,
दाबल्या की कुरकुरतात.
काचेचा कापूस, पिवळा,
दुकानदार म्हणाला हात लावू नका, खाजतं.
आणि एक फेस, नळीतून मारला की फुगतो.
त्याचा भाव ऐकून
मी पर्सची चेन उगीच उघडून लावली.

घरी आले तर ह्यांनी राइस मिलमधून
कोंड्याची ट्रॉली सांगूनसुद्धा ठेवलेली.
फुकट आहे, म्हणाले.
शालिक मिस्त्री थापी धुता धुता हसला:
"कोंडा टाकसान तं उंदराईचं बारसं करा लागीन.
उधई येईन ते वेगळीच.
अन् दोन पावसाळ्यात बसते तो.
वरतं रिकामं, खालतं गच्च."

बसते.
तो एक शब्द घेऊन मी रात्री जागी राहिले.

बावीस वर्षं शिवते आहे.
ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश,
आणि लग्नसराई नेमकी मे महिन्यात,
जुन्या घरात अशाच पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून.
नवतपात मशीनचं चाक तापायचं,
बोटांच्या घामानं दोरा सुईत जायचा नाही,
कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं तरी
भिंत रात्री बारापर्यंत पाठ शेकत राहायची.

भरण मला ठाऊक आहे.
गादीतला कापूस एका बाजूला का गोळा होतो,
आणि का नाही होत, तेही.
टाके.
वीतभर अंतरावर टाके पडले
की भरण जिथल्या तिथे राहतं.
ऊब कापसात नसतेच मुळी,
कापसानं अडवून धरलेल्या हवेत असते.
जी थंडी अडवते ती ऊन का नाही अडवणार?
हे कुणी शिकवलं नाही,
उसवलेल्या गाद्यांतून दिसलं.

सकाळी युरियाच्या रिकाम्या चुंगड्या धुतल्या.
कोंड्याला अंगणात तीन उन्हं दिली,
चुना मिसळला, आणि मिलच्या भट्टीची काळी राख,
तिला उधई तोंड लावत नाही म्हणतात.
मग बसले.
जाड सुई, नायलॉनचा दोरा,
एकेका चुंगडीत सहा कप्पे,
तोंडं दुहेरी शिवणीनं बंद.
सुया मोडल्या अकरा.
शेजारची कुंदा दारातूनच म्हणाली,
"भिंतीले स्वेटर शिवून रायली का वं?"

मिस्त्री दोन दिवस काही बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी सळीचे तुकडे वाकवून
दोन्ही भिंती एकमेकींना अडकवत होता.
नाही तं पोट काढतीन, म्हणाला.
मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाका.
तो म्हणाला, पक्का.
आणि जरा वेळानं, वर न बघता,
"उभी ठेवू का आडवी, ताई?"

आज नवतप्याचा सहावा दिवस.
तीन वाजता बाहेरून भिंतीला हात लावला
आणि झटकला.
आत आले, आतून लावला.
ठेवला.
तळहात घासत घासत डावीकडे सरकले,
मशीनच्या मागून, खिडकीखालून,
पार कोपऱ्यापर्यंत,
जिथे चुंगड्या संपल्या होत्या
आणि ह्यांना छताची घाई झाली होती.
तिथे दीड हात भिंत कोमट लागते.

उद्या तिथे खिळा ठोकून घेईन, कॅलेंडरसाठी.
बाकी भिंतीला कुणी खिळा मारायचा नाही,
घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.