रंगदुरुस्ती

सीताबर्डीच्या लॅबमध्ये उईकेभाऊंनी
माझं आकाश दुरुस्त करून ठेवलं.
"भल्ला हिरवा चढला होता जी,
काढून टाकला."

त्या हिरव्यासाठी चार रात्री
उणे अठ्ठावीसमध्ये
बॅटरी काखेत ऊबवत उभा होतो.
ट्रायपॉडला बोटाची साल राहिली.

बाहेर सेहेचाळीस. कूलरमधलं पाणी संपलेलं.
भाऊ दुपट्ट्यानं मान पुसतात,
प्रिंट ट्यूबलाइटखाली धरतात:
राखाडी बर्फ, राखाडी रात्र.

"असंच रायते का तिकडं?"

नाही म्हणणार होतो,
तेवढ्यात वरच्या कडेला
ध्रुव दिसला.
उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की
गजभियेंच्या पाण्याच्या टाकीला टेकलेला असतो,
तोच.
इतका वर कधी चढला,
हिरव्याच्या नादात
मी मान वर केलीच नव्हती.

"राहू द्या," म्हटलं,
"हीच द्या."