बोलपट

दर गुरुवारी, खिडकी बंद करायच्या बेतात असताना,
टॉडमॉर्डनच्या पोस्टात क्रॅबट्री येतो,
हनुवटीपर्यंत पाकिटांची चळत.
मी तोलते. ओसाका, ल्योन, टार्टू, पुन्हा ओसाका.
यात काय आहे, हे विचारावंच लागतं मला,
आणि तो दर वेळी खरं सांगतो:
"रेडिएटर. चाळीस मिनिटं."
"बर्फाखालचा कालवा."
"एक चेलो, एक बिघडलेला फ्रिज."
कस्टमच्या फॉर्मवर मी लिहिते: संगीत.
पहिल्यांदा हात अडखळला होता, आता नाही.

पन्नास प्रती काढतो. एक्कावन्नावी मागितली तरी नाही.
एक कॅसेट बेल्जियमहून परत आली,
सोबत चिठ्ठी: सदोष, नुसती खरखर.
"खरखरच तर आहे ती," म्हणाला,
आणि खिडकीखालून माझ्याकडे सरकवली.

मी ऐकली. भांडी घासता घासता नाही, नीट बसून.
बंद गिरणीचा मोकळा मजला,
कबुतरं, वारा, कुठेतरी निवत जाणारं लोखंड.
मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत
रात्री वीज गेली, माग थांबले,
की तान्ही पोरं दचकून उठायची.

ऑक्टोबरात त्याने सिनेमा काढला.
त्र्याहत्तर साली इथल्याच माळावर घेतलेला:
चेटकीण, तीन मेंढ्या, उसनी आणलेली शवपेटी.
तेव्हा सपशेल पडला होता. आता त्याच्यासाठी
माणसं ग्लासगोहून रात्रीच्या बसने आली,
काळे कोट, डब्यात सँडविच.
एकच प्रत उरलेली, तीही पुरात भिजलेली.
चित्र वाचलं, आवाज गेला.
गेला तर गेला, म्हणून क्रॅबट्रीने दोन पोरं बसवली,
एक करवतीवर गज फिरवणार,
दुसरा कोंबड्यांची जाळी माइकसमोर खरवडणार.

चर्चमागचा हॉल. मी तिकिटं फाडत होते.
पहिल्या रांगेत विनी होल्डन, वय अठ्ठ्याऐंशी,
पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिलेली,
कानांत काही म्हणजे काही उरलेलं नाही.
पडद्यावर चेटकीण वळली,
हात आभाळाकडे, शाप द्यायला तोंड उघडलं,
आणि विनी मोठ्यांदा म्हणाली:
"पाय गारठले माझे. चहा कधी?"

करवत थांबली.

मागांच्या गदारोळात तीस वर्षं
ही बाई ओठ वाचून बोलली होती,
तशीच भांडली, तशीच लग्नं जुळवली.
पडदा म्हणजे तिला पलीकडच्या मागावरची मैत्रीण.
संवाद नंतर भरायचे, म्हणून नटांनी
तोंडाला येईल ते बडबडलेलं,
पन्नास वर्षं कुणाला पत्ता नाही.
"पाद्री म्हणतोय, मेंढी बुटावर मुतली."
"ही म्हणतेय, डेरेकला कळू देऊ नकोस."
पोरांनी वाद्यं खाली ठेवली.
क्रॅबट्री भिंतीला टेकून हसत होता की रडत,
अंधारात दिसलं नाही.

शेवटी आग. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ.
चेटकिणीचे ओठ हलले, बराच वेळ.
विनी गप्प.
"काय म्हणाली?" मागून कुणीतरी, मग हातवारे करून.
"ते तिचं तिच्यापाशी," विनी म्हणाली.

मलाही येतं थोडं. शाळेतून आले की
आई मागाआडून ओठांनीच विचारायची, जेवलीस का.
इंग्रजी ओठ अजून धड जमत नाहीत मला,
पण एक नाव होतं त्यात, दोनदा.
मीही कुणाला सांगितलं नाही.

काल गुरुवार. पन्नास पाकिटं.
"यात काय आहे?"
"तोच. विनीच्या आवाजात."
"आणि शेवटी?"
"शेवटी तिचा श्वास आहे. दम्याचा."
दोनशे दहा ग्रॅम.
पेन टेकवलं आणि हात अडखळला.
आमच्याकडे याला नेमका शब्द आहे,
आजोबांच्या काळचा,
इथल्या रकान्यात तो कसा बसवायचा?