काळी खूण, निळी सही

बँकेच्या जिन्याखाली माझं दुकान,
कुडचडे बाजारात, चार बाय सात.
बावीस वर्षं झेरॉक्स काढतो
आणि वाचत नाही.
दाखले, करारनामे, एक-चौदाचे उतारे,
काचेवर सगळे पालथे.
पालथ्या माणसाला तोंड नसतं.

पियेदाद आली दुपारी, पाव संपल्यावर,
कोपरापर्यंत पीठ.
सांतान जाऊन सहा महिने झालेले.
भट्टीसाठी दोघांनी तीन लाख काढले होते,
हातात पडले दोन लाख एक्याऐंशी हजार सहाशे.
मधले विम्याचे.
टाय सारखा करत पोरगा म्हणाला होता,
अंकल, हा घेतला की फाइल लवकर सुटते.
आता विमेवाले कळवतात, साठीनंतर लागू नाही.
सही केली तेव्हा सांतान एकसष्टचा.
जन्मतारीख त्याच पानावर,
सहीच्या वर चार बोटं.

"ओरिजिनल म्हजे हातांतलें सुटचें ना," ती म्हणाली
आणि खरंच सुटेना.
एक कोपरा तिच्या चिमटीत,
झाकण अर्धंच पडलं,
पहिल्या प्रतीत तिचा अंगठा उमटला, पिठासकट.

दुसरी काढताना मी वाचलं.
'मी स्वेच्छेने हा विमा घेत आहे.'
पुढे चौकट. चौकटीत बरोबरची खूण.
सांतानची सही निळी, वाकडी, कागदात रुतलेली;
मागून हात फिरवला तर लागते.
खूण काळी.
मागून काहीच लागत नाही.
टोनर मला कुणी ओळखून द्यायला नको,
बावीस वर्षं तोच खोकतोय.
ती खूण कुणा माणसाने केलीच नव्हती.
फॉर्मबरोबर छापून आली होती,
आपण जन्मायच्या आधीच
कुणी आपलं 'हो' सांगून ठेवावं तशी.

अर्ज मी लिहिला.
ती म्हणाली, घाल,
सांतान रात्री दोनला उठायचा,
डझनात कधी अकरा दिले नाहीत.
म्हटलं, बँक हे वाचत नाही.
ती म्हणाली, घाल.
घातलं.

तीस दिवसांनी उत्तर: ग्राहकाने समजूनउमजून.
मग लोकपालांकडे.
सोबत चौकटीची प्रत, चारशे टक्के मोठी केलेली.
खूण एवढी वाढली
की तिच्या कडेचे ठिपके मोजता यावेत.

म्हांबरे मॅनेजर पहिल्यांदाच जिना उतरून आले.
"धर्मा, तू आमचा की त्यांचा?"
मशीन तापलेलं होतं, माझे कानही.
मला मोठं काही सुचलं नाही.
म्हटलं, साहेब, एक रुपया एक पान,
सगळ्यांना.

आठ महिन्यांनी अठरा हजार चारशे जमा झाले.
पियेदादने पासबुक उन्हात धरलं.
"आनी कळंतर?"
ज्या पैशांचा विमा, तेही कर्जातच होते,
त्यांच्यावर तीन वर्षं हप्ता भरलेला.
मला हे सुचलं नव्हतं.
पुन्हा अर्ज. पुन्हा डझनाचं वाक्य.
तेही आलं, पावसाळा सरता सरता.

बँकेने आता स्वतःचं मशीन घेतलंय.
जिन्यावरून चपला उतरतात, कागद नाही.

काल शटर ओढून
मी माझीच फाइल काढली,
या मशीनच्या कर्जाची.
तीच बँक, तेच वाक्य, तीच चौकट.
पण माझ्याकडे आहे ती प्रत,
मीच काढलेली, याच काचेवर.
माझी सही काळी.
खूण काळी. शिक्काही काळा.
मागून हात फिरवला,
सगळं गुळगुळीत.
मूळ कागद वर आहे, चौदा पायऱ्या वर,
आणि बावीस वर्षांत
मी तिथे चहाचे पैसे मागायलासुद्धा गेलेलो नाही.

पियेदादला सांगितलं.
ती पाव मोजत होती, मान वर केली नाही.
"हांव येतां," म्हणाली,
"सकाळचे पाव जातकच."