बाही

स्कारबरोला नोव्हेंबरात समुद्रसुद्धा दुकान लवकर बंद करतो.
हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही एकोणतीस जण,
छातीवर नावाच्या चिठ्ठ्या, हातात कोमट चहा.
मेरिएल थॉर्नबी ब्याऐंशीची झाली म्हणून
केकवर तिचा चेहरा छापून आणलाय,
आणि सुरी नेमकी कुठून घालायची
यावर मघापासून वाद चाललाय.

कथबर्टकडे वही आहे.
रंगमंचावर एकशे चौदा भूमिका, पडद्यावर एकसष्ट,
त्यात अकरा वेळा मेली:
दोनदा विषानं, एकदा विहिरीत,
एकदा नुसतीच, खिडकीपाशी, पत्र वाचता वाचता.
एका खूनपटात ती फक्त प्रेत होती, पहिली चार मिनिटं.
"पण काय प्रेत!" जेराल्डीन म्हणते,
"पापणी हलली नाही. मी मागे नेऊन नेऊन पाहिलंय."
जेराल्डीन तीस वर्षं लीड्सच्या बसवर कंडक्टर होती.
तिच्या पत्र्याच्या डब्यात नाटकांची तिकिटं आहेत,
सगळी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेची,
काही तर खांबामागची.
"अर्धीच दिसायची," ती म्हणते, "पण आवाज पुरा."

माझ्याकडे एकही तिकीट नाही.
माझ्याकडे पन्नास पेन्सची नाणी होती.
ब्रॅडफर्ड, ऐंशी साल, भाड्याचा टीव्ही,
पाठीला नाण्यांची पेटी; नाणं संपलं की
बोलणारं माणूस वाक्याच्या मध्येच विझायचं.
हे रात्रपाळीला, गिरणीत.
घरात मी, रविवार आणि ती.
साताऱ्याच्या शाळेतलं माझं इंग्रजी
इथे पाववाल्यालाही कळेना;
ते मी तिच्या तोंडून पुन्हा शिकले,
ओठांकडे बघत, पहिल्या धड्यापासून.
ती गिरणीमालकाची विधवा. दारात वकील,
तिचा कोट पसरून धरलेला, नको इतका वाकलेला.
आणि ती म्हणते,
"नको, आभारी आहे. माझा कोट मी घालीन."

'नको' मला येत होतं. सासरी कधी वापरलं नव्हतं.
'आभारी आहे' तेही येत होतं.
दोन्ही एका दमात, मान खाली न घालता,
हे तिचं.
सोमवारी बिस्किटांच्या कारखान्यात फोरमनला म्हणून पाहिलं.
पुढे युनियनच्या सभेत.
एकदा ह्यांना. हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मग उठून स्वतःच चहा टाकला.

साडेचारला ती आली.
आमच्याकडे तिसरी घंटा होते, मग अंधार, मग कुणी येतं.
इथे नुसतं दार करकरलं,
आणि वाऱ्यानं विस्कटलेली एक लहानशी बाई
टॉयलेट कुठे आहे, असं विचारत आत शिरली.

मग टाळ्या. मग केक, हनुवटीपासून.
मग कुणीतरी म्हणालं, ते वाक्य, एकदाच.
ती उठली. पाठ ताठ झाली, हॉलचं छत जरा उंच झालं.
"नको," ती म्हणाली, "आभारी आहे."
आणि थांबली.
"पॉज," कथबर्ट कुजबुजला, "तिचा तो प्रसिद्ध पॉज."
पॉज नव्हता तो. नाणं संपलं होतं.
तिसऱ्या रांगेतून, विंगेतून द्यावं तसं,
हळूच मी उरलेलं वाक्य पुरवलं.
तिनं मान वळवली.
"हा माझा आवाज," ती म्हणाली, "तुमच्याकडे कसा?"
सगळे हसले. मीही हसले. उत्तर फार लांब होतं.

निघायच्या वेळी जो तो फोटोत गुंतलेला.
खुंटीपाशी ती एकटी, एक हात बाहीत,
दुसरा पाठीमागे हवेत चाचपडतोय.
मी दोन पावलं अलीकडे थांबले;
तिनंच तर शिकवलं होतं, थांबायचं.
तिनं वळून पाहिलं नाही.
फक्त खांदा जरासा खाली केला, माझ्या बाजूचा.
मी बाही धरली.

कथबर्टच्या वहीत ही नोंद नाही.
परतीच्या गाडीत, यॉर्क गेल्यावर,
जेराल्डीननं डबा उघडला.
तिकिटांवर कागदी रुमाल, रुमालात उरलेला केक:
एक कान, थोडे केस.
आम्ही वाटून खाल्ला.